अली की टायसन? दोघेही ऐन भरात, पंधरा फेऱ्या

डावा_हात

क्रिकेटच्या धाग्यावर 'गावसकर आज खेळला असता तर' असा वाद रंगला होता. मध्येच कुणीतरी हेवीवेट बॉक्सर माइक टायसनचं नाव काढलं आणि ऐन भरातल्या मुहम्मद अलीला तो तीन फेऱ्यांत झोपवेल असं लिहून टाकलं. ते वाचल्यापासून चैन नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी अटी ठरवू, नाहीतर जो तो आपल्या सोयीचा अली आणि आपल्या सोयीचा टायसन घेऊन येतो. अली १४ नोव्हेंबर १९६६चा. त्या रात्री त्याने ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं. वय २४. टायसन २७ जून १९८८चा. अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत आडवा केला, तेव्हा त्याचा बाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. (अली विल्यम्सशी लढला तेव्हा टायसन साडेचार महिन्यांचं बाळ होता!) फेऱ्या पंधरा, कारण अलीच्या काळात जगज्जेतेपद तेवढ्या फेऱ्यांत ठरायचं.

अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा. हातांचा पल्ला ७८ इंच विरुद्ध ७१. वजनात मात्र बुटका पुढे: टायसन २१८ पौंड, अली २१२च्या आसपास.

माझं मत अलीला. पण 'टायसनला तो सापडणारच नाही' हे नेहमीचं कारण मला पटत नाही. सापडेल. पहिल्या चार फेऱ्यांत पाच-सहा वेळा तरी सापडेल. ८८च्या टायसनपुढून पंचेचाळीस मिनिटं नुसतं पळणं कुणालाच जमणारं नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. टायसन आत शिरला, पहिला हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) खांद्यावर गेला आणि आता दोघं छातीला छाती लावून उभे आहेत. पुढचे दोन सेकंद कोणाचे?

ही लढत त्या दोन सेकंदांवर ठरेल असं मला वाटतं. ७ मार्च १९८७ला 'बोनक्रशर' स्मिथने टायसनला बारा फेऱ्या मिठ्या मारल्या. टायसन आरामात जिंकला, पण मिठीतून एक हात मोकळा करून मारायची युक्ती त्याला रात्रभर सापडली नाही. पंच सोडवायला येण्याची तो वाट पाहत राहिला. स्मिथ नुसता तग धरून होता. अलीला मिठीतही काम करता यायचं. फ्रेझरशी दुसरी लढत आठवा, २८ जानेवारी १९७४. डावा हात फ्रेझरच्या मानेमागे टाकून त्याने त्याचं डोकं पुनःपुन्हा खाली ओढलं, आणि पंचांनीही त्याला फारसं अडवलं नाही. किन्शासात फोरमनशीही तेच केलं. टायसनच्या मानेवर असं ओझं आठ-नऊ फेऱ्या पडलं, तर दहाव्या फेरीत आत उडी घेणारे पाय त्याच्याकडे उरणार नाहीत.

अली, अकरावी फेरी, पंच थांबवतील.

रणहलगी

भाऊ, लिहिलंय मनापासून, पण मला पटलं नाही.

तुम्ही स्मिथ काढलात, मी होम्स काढतो. २२ जानेवारी १९८८. लॅरी होम्स अलीच्या सरावातला जोडीदार, आणि त्याचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) हेवीवेटमधल्या अव्वल जॅबपैकी. वय ३८, पावणेदोन वर्षं रिंगणाबाहेर, हे सगळं मान्य. पण चौथी फेरी बघा. होम्स पंजांवर आला, जॅब सुटायला लागला, मिनिटभर जुना होम्स दिसला. मग टायसनचा उजवा आला. एका फेरीत होम्स तीनदा खाली. ७५ लढतींच्या कारकिर्दीत होम्सला असा संपवणारा टायसन एकटाच.

अलीचा बचाव म्हणजे हात कमरेशी आणि मान मागे. सरळ ठोशापुढे तो बचाव देखणा दिसतो, हुकपुढे नाही. सॉनी बँक्सने १९६२ला पाडलं, हेन्री कूपरने १९६३ला वेम्बलीत, फ्रेझरने १९७१च्या पंधराव्या फेरीत. तिघांचाही डावा हुक. टायसनचा हुक या तिघांपेक्षा लवकर येतो, शिवाय एकटा येत नाही. आधी उजवा बरगडीत, मागोमाग तोच उजवा हनुवटीखालून वर. मान मागे घेणाऱ्याची हनुवटी आपोआप वर येते. टायसनला आणखी काय हवं?

टायसन, पाचवी फेरी.

मध्यरात्र

टायसन, तिसरी. मूळ प्रतिसाद माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. टायसनच्या पहिल्या १९च्या १९ लढती नॉकआउट होत्या. विसाव्या लढतीत जेम्स टिलिस दहा फेऱ्या टिकला तेव्हा ती बातमी झाली होती.

मीरा_क

मी सहा वर्षं हौशी बॉक्सिंग केलं, आता मुलींना शिकवते. या धाग्यावर एक नाव अजून यायचं आहे: फ्लॉइड पॅटरसन.

दोन्ही हात गालांना चिकटवून, कोपरं बरगड्यांवर ठेवून, डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत पुढे यायचं, ही टायसनची पद्धत त्याचे गुरू कस डमॅटो यांची. डमॅटोंनी ती टायसनच्या कितीतरी आधी पॅटरसनला शिकवली. १९५६ला पॅटरसन वयाच्या २१व्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. तो विक्रम मोडला त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्याने, टायसनने, २० वर्षं आणि चार महिन्यांचा असताना, लास वेगासला, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून. तारीख २२ नोव्हेंबर १९८६. आणि अलीने पॅटरसनला बाराव्या फेरीत थांबवलं ती लढतही लास वेगासचीच, तारीख २२ नोव्हेंबर १९६५. डमॅटो तोवर पॅटरसनपासून दूर झाले होते, आणि टायसनने पट्टा जिंकला तेव्हा त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. या दोन तारखा जुळलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला होता.

म्हणजे अलीने ही शैली समोरून पाहिली होती आणि बारा फेऱ्या ती सोलून काढली होती. पण पॅटरसन दोनशे पौंडांच्याही आतला, आणि त्या रात्री त्याची पाठ धरलेली. म्हणून या लढतीवरून फार काही सिद्ध होत नाही. अलीला नकाशा माहीत होता, एवढंच कळतं.

आता उंच बॉक्सरबद्दल. 'सात इंचांचा पल्ला' हे शब्द मी रोज ऐकते. पल्ला तुमचा, पण तो वापरायला समोरचं डोकं तुमच्या खांद्याच्या रेषेत लागतं. टायसनसारखा माणूस आधीच पाच फूट दहा, त्यात गुडघे वाकवून आणखी खाली. सरळ जॅब मारला तर तो केसांवरून जातो. खाली मारला तर तुमचा खांदा हनुवटीपासून सुटतो आणि ती बाजू उघडी पडते. मी स्वतः उंच आहे, बुटक्या आणि चिवट मुलींनी मला याच जागी मारलं आहे. अलीचं आणखी एक: तो शरीरावर जवळजवळ मारतच नसे, आणि अपरकटही (खालून वर हनुवटीवर मारलेला ठोसा) क्वचितच. जवळून टायसनला दुखवायचं तर हीच दोन हत्यारं लागतात. टोनी टकरने १९८७ला पहिल्याच फेरीत अपरकट मारून टायसनला मागे हलवलं होतं.

म्हणून डावा_हात यांचे 'दोन सेकंद' मला महत्त्वाचे वाटतात. जवळून मारायला अलीकडे फारसं काही नाही, त्यामुळे त्याला धरावंच लागेल.

मी अजून मत देत नाही.

लंबक

मूळ लेखातल्या अटी लेखकानेच मोडल्या आहेत.

तुम्ही करार १९६६च्या अलीचा केलात आणि मानेमागचा हात आणलात १९७४चा. ते दोन वेगळे मुष्टियोद्धे आहेत. ६६चा अली पायांवर जगायचा, त्याला मिठी मारायची गरज क्वचितच पडायची. २८ एप्रिल १९६७ला त्याने लष्करात भरती व्हायला नकार दिला, परवाना गेला, साडेतीन वर्षं गेली. २६ ऑक्टोबर १९७०ला अटलांटात जेरी क्वारीपुढे उतरला तेव्हा ते पाय उरले नव्हते. मिठी, दोर, मार सोसण्याची ताकद हे सगळं तो पाय गेल्यावर शिकला. ६६चे पाय आणि ७४ची मिठी एकाच देहात घातलीत, तर असा अली कधी जन्मालाच आला नाही.

दुसरं, विल्यम्सची लढत पुरावा म्हणून वापरू नका. दिसायला ती अलीची सर्वांत सुंदर लढत आहे, मीही ती शंभरदा पाहिली आहे. पण दोन वर्षांपूर्वी विल्यम्सला एका पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड काढावं लागलं होतं. त्याच न्यायाने स्पिंक्सचे ९१ सेकंदही बाजूला ठेवा. दीड मिनिटात टायसनबद्दल नवीन काय कळतं? स्पिंक्स रिंगणात येतानाच भेदरलेला दिसत होता.

डावा_हात

लंबक, तुमचा मुद्दा लागला. रात्रभर विचार केला.

विल्यम्स सोडून देतो. त्याच्या जागी २५ फेब्रुवारी १९६४ घेतो, मायामी बीच, सॉनी लिस्टन. लिस्टनचा पल्ला ८४ इंच आणि तेव्हा जगात त्याच्याइतका भीतीदायक माणूस नव्हता. चौथ्या फेरीच्या शेवटी अलीच्या (तेव्हा तो कॅशियस क्ले होता) डोळ्यांत काहीतरी गेलं आणि जळजळायला लागलं. तो हातमोजे कापून टाका म्हणाला. त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला पाचव्या फेरीसाठी जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. समोर लिस्टन, डोळ्यांना धड दिसत नाही, आणि २२ वर्षांच्या त्या पोराने ती फेरी काढली. डावा हात लांब करून लिस्टनच्या तोंडाशी धरला, त्याच्यावरून अंतर मोजलं आणि फिरत राहिला. सातव्या फेरीला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

मिठी तो ७४ला शिकला, बरोबर. पण गरज पडली की जागच्या जागी नवं काहीतरी काढायचं हे ६४पासून त्याच्यात होतं. टायसन दोन-तीनदा आत घुसला की ६६चा अलीही मानेमागे हात टाकेल असं मी म्हणतो. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही हे मान्य करतो.

किन्शासाचा, दोराला टेकून फोरमनचे ठोसे सोसणारा अली मात्र मला या लढतीत नकोच. त्या सोसण्याची किंमत त्याने पुढे आयुष्यभर मोजली असं मला वाटतं. १९८४ला पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. कल्पनेतल्या लढतीतही त्याला ते ठोसे खाताना मला बघवत नाही.

जुना_वाचक

मंडळी, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. धागा वाचून राहवलं नाही.

१९८०च्या जानेवारीत मी दिल्लीत नवीन नोकरीला होतो. अली भारतात आला होता आणि दिल्लीत त्याची आपल्या कौर सिंगशी चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत झाली. कौर सिंग पंजाबचे, सैन्यातले, पुढे १९८२च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. मी फार लांब बसलो होतो. अली ३८ वर्षांचा, निवृत्ती जाहीर केलेला, अंगाने सुटलेला. पाय जेमतेम हलत होते. पण डावा हात जायचा तो कळायचा नाही. कौर सिंग यांचं डोकं मागे गेलेलं दिसायचं, ठोसा दिसायचा नाही. म्हणून कोणी अलीच्या वेगाचे आकडे मागितले की मला ती संध्याकाळ आठवते. म्हातारा झाल्यावर हे, तर चोवीसाव्या वर्षी काय असेल!

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला होम्सने अलीला दहा फेऱ्या मारलं आणि कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. तेव्हा टायसन १४ वर्षांचा होता, डमॅटोंच्या घरी राहायचा. डमॅटोंनी अलीला फोन लावून या पोराच्या हातात दिला आणि पोरगा म्हणाला की मोठा झालो की होम्सला मी बघून घेईन. हे टायसननेच अनेकदा सांगितलंय. ८८च्या जानेवारीत होम्सच्या लढतीआधी अली रिंगणात आला, टायसनच्या कानाशी काही बोलला. रणहलगी, तुम्ही लिहिलेली ती चौथी फेरी मला नेहमी या फोनसकट आठवते.

आणखी एक सांगतो, कारण तुम्ही तरुण मंडळी ही भांडणं नवीन समजता. १९६७ला अमेरिकेत एका रेडिओवाल्याने सोळा जुन्या जगज्जेत्यांची माहिती संगणकात भरून स्पर्धा भरवली. अलीला उपउपांत्य फेरीत जिम जेफ्रीजने हरवलं. अलीने दहा लाख डॉलरचा दावा लावला! दावा मिटला तो अली आणि रॉकी मार्सियानो यांची संगणकी लढत चित्रित करायच्या बोलीवर. १९६९ला दोघं मायामीत उतरले, हलक्या हाताने सत्तरेक फेऱ्या खेळले. मार्सियानो ४९ लढतींत अपराजित, १९५६ला निवृत्त. या चित्रणासाठी त्याने वजन उतरवलं आणि केसांचा टोप घातला. शेवट अनेक चित्रित केले, दोघांनाही निकाल सांगितला नाही. ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. २० जानेवारी १९७०ला चित्रपटगृहांत दाखवलं तेव्हा अमेरिकेत मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं होतं. युरोपातल्या प्रेक्षकांना अली जिंकताना दाखवला.

मला यात दुःखाची वाटते ती वेळ. तेव्हा अलीला खऱ्या रिंगणात उतरायला बंदी होती. २७-२८ वर्षांचा, आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं वाया चाललेली, आणि यंत्र त्याला पडताना दाखवत होतं.

माझं मत अली, गुणांवर.

मध्यरात्र

काका, ही संगणकाची गोष्ट अजिबात माहीत नव्हती. फार आभार. मी तिसऱ्यावरून चौथ्या फेरीवर येतो, टायसनच.

रणहलगी

जुना_वाचक, दंडवत. कौर सिंग यांना मान देऊन तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. २०२३ला ते गेले तेव्हा आपल्याकडे चार ओळींच्या वर कुणी काही लिहिलं नाही.

आता मिठीचं. मी कोल्हापूरच्या तालमीत बारा वर्षं माती अंगाला लावली आहे, म्हणून मानेवर हात या विषयावर मला बोलू द्या. खडाखडीत आम्ही हेच करतो. मानेमागे पंजा टाकायचा, ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. समोरचा उंच आणि बारीक मानेचा असला की पाचव्या मिनिटाला त्याचे पाय जड होतात. पण बुटका, जाड मानेचा, खांदे कानाला टेकलेला पैलवान समोर आला की डाव उलटतो. ती मान खाली येतच नाही. ओढणाऱ्याचेच खांदे भरतात, आणि ओढता ओढता त्याचं पोट उघडं पडतं. टायसनची मान कधी नीट बघितली आहे का? धडाला डोकं थेट जोडल्यासारखी आहे. फ्रेझरची तशी नव्हती.

म्हणजे तुमचे 'दोन सेकंद' मी मान्य करतो. पण ते अलीला स्वस्त पडतील हे मान्य करत नाही. दर मिठीला त्याचे खांदे खर्च होतील, आणि खांदे गेले की जॅब गेला.

लंबक

हा या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रतिसाद.

फेऱ्यांचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत दक्षिण कोरियाचा किम दुक-कू कोसळला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या फेऱ्या पंधरावरून बारावर आल्या. आधी एका संस्थेने नियम बदलला, मग काही वर्षांत बाकीच्यांनी. त्यामुळे बाराव्या फेरीपलीकडे टायसन आयुष्यात कधी गेला नाही. अली गेला, अनेकदा. शेवटच्या तीन फेऱ्या हा अलीचा प्रदेश आहे. बारा फेऱ्या ठेवल्यात तर माझं मत बरोबरीकडे झुकतं, पंधरा ठेवल्यात तर अलीकडे.

मीरा_क

आणि रिंगण किती मोठं? १६ फुटांचं की २० फुटांचं? लहान रिंगणात टायसनचं एक पाऊल वाचतं, मोठ्यात अलीला दर फेरीला दहा-बारा सेकंद श्वास मिळतो. पंच कोण हेही ठरवा. मानेमागचा हात दिसताक्षणी सोडवणारा पंच असेल तर या धाग्यातलं निम्मं बोलणं फुकट जातं.

डावा_हात

रिंगण २० फुटांचं. पंच असा की जो मिठी तीन सेकंद चालू देतो. दोन्हींत अलीला झुकतं माप आहे हे मला दिसतंय, म्हणून टायसनला त्याचा प्रशिक्षक केविन रूनी देतो. ८८च्या डिसेंबरमध्ये टायसनने रूनीला काढून टाकलं आणि त्यानंतर तो डोकं हलवायचं विसरत गेला. इथे रूनी कोपऱ्यात आहे, डोकं हलतंय, ठोशांना दिलेले आकडे ओरडले जात आहेत, आणि ज्याच्या त्याच्या आकड्याचा ठोसा सुटतो आहे.

लंबक

रूनी दिलात हे बरं केलंत, कारण मला टोकियो काढायचं आहे. ११ फेब्रुवारी १९९०. रूनी नाही, सराव नाही, कोपऱ्यात सूज उतरवायची साधी लोखंडी पट्टीही नाही. रबरी मोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. समोर बस्टर डग्लस, उंच, लांब हातांचा, त्या रात्री जॅब अलीच्या जवळपास जाणारा. सगळे ही लढत अलीच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात. उंच माणसाने जॅबवर टायसनला सोलला, दहाव्या फेरीत संपवला.

पण आठवी फेरी कोण सांगणार? टायसन सात फेऱ्या मार खाऊन, एक डोळा जवळजवळ बंद, पाय संपलेले. फेरी संपायला काही सेकंद उरले असताना त्याने एक उजवा अपरकट मारला आणि डग्लस पाठीवर पडला. नऊला उठला, मोजणी हळू झाली की काय यावर अजून वाद आहे. हा टायसनच्या आयुष्यातला सर्वांत वाईट तयारीचा दिवस, आणि तरी आठव्या फेरीत तो ठोसा होता. रूनी असलेल्या टायसनकडे तो अकराव्यातही असेल. अलीने त्याला थांबवायला जायचं तर आत जावं लागेल. अकराव्या फेरीत त्याने टायसनच्या अंगावर जावं का?

डावा_हात

नाही. जाऊ नये.

हे मी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण दहावी फेरी आठवत राहिलो आणि आठवी विसरलो. अलीने टायसनला थांबवणं म्हणजे हातातली लढत पुन्हा टायसनच्या हातात देणं. अकरावी फेरी मागे घेतो. अली, पंधरा फेऱ्या, गुणांवर, जुना_वाचक काका म्हणतात तसंच. आणि मधे एकदा तरी खाली पडून. चौथी किंवा पाचवी. अली कारकिर्दीत चारदा पडला, चारही वेळा उठला. इथेही उठेल.

रणहलगी

पाचवीत पडेल हे तुम्हीच लिहिलंत. उठेल की नाही एवढाच आता आपल्यातला फरक.

मीरा_क

रविवारी आमच्या क्लबात एक प्रयोग करते. एक मुलगा आहे, पाच फूट पाच, मान अगदी रणहलगी सांगतात तशी, आणि पुढे येणारा. मी त्याला सांगते, सहा फेऱ्या, मोठे हातमोजे, दर वेळी आत ये, मी मानेवर हात टाकते. खांदे कोणाचे भरतात आणि पाय कोणाचे जातात ते कळवते. चोवीस वर्षांचा अली आणि मी यात अंतर आहे, पण मान ती मानच.

मीरा_क

आज केलं. आधी पंजाने ओढत होते, रणहलगी म्हणाले तसंच झालं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी माझा डावा खांदा भरला, जॅब निम्म्या वेगाने जायला लागला आणि एकदा पोटात सणसणीत बसला. तिसऱ्यापासून ओढणं बंद केलं. पंजाऐवजी कोपराच्या पुढचा हात मानेवर आडवा टाकला आणि त्यावर माझं सगळं वजन सोडून दिलं, काहीच न ओढता. त्याला मला उचलून सरळ व्हावं लागत होतं. पाचव्या फेरीत तो आत यायला अर्धा सेकंद उशीर करायला लागला. सहाव्यात मी त्याला जॅबवर ठेवू शकले. मुलाला विचारलं, म्हणाला, ताई, मान नाही दुखली, मांड्या भरल्या.

माझं मत आता देते. पहिल्या चार फेऱ्या निघाल्या तर अली.

रणहलगी

वजन टाकणं वेगळं आणि ओढणं वेगळं, हे आमचे वस्ताद सांगायचे. मी लिहिताना विसरलो. मीराताई, पोटात बसला त्यावर शेक घ्या.

माझी पाचवी मी सहावी करतो. त्यापुढे जाणार नाही.